कच्च्या कंपोस्टनं झाडं पिवळी का पडतात?

१ एप्रिल २०२६ पासून देशात घनकचऱ्याचे नवे नियम लागू झाले आणि सोसायट्यांच्या बैठकांत पुन्हा एकदा ओल्या कचऱ्याचा विषय निघाला. दिवसाला १०० किलो किंवा त्याहून जास्त कचरा करणाऱ्या संकुलांनी ओला कचरा शक्यतो आपल्याच आवारात जिरवावा, ही अपेक्षा २०१६ च्या नियमांतही होती. मुंबई महापालिकेनं २०१७ मध्येच मोठ्या सोसायट्यांना तसं बजावलं होतं. त्यामुळे आज पुण्या-मुंबईत, नाशकात, ठाण्यात कितीतरी इमारतींच्या मागच्या बाजूला कंपोस्टचे हौद, जाळीचे पिंजरे किंवा यंत्रं दिसतात. महिन्या-दोन महिन्यांनी रहिवाशांना खताच्या पिशव्या वाटल्या जातात आणि त्या बाल्कनीतल्या तुळशी-मोगऱ्याला पोचतात.

मग एक तक्रार हमखास ऐकू येते. खत घातलं आणि पंधरा दिवसांत खालची पानं पिवळी पडली. कुंडीभोवती चिलटं घोंघावायला लागली. मिरचीची रोपं होती तिथंच खुंटली. ‘सेंद्रिय खत कधी बाधत नाही’ असं ऐकलेलं असतं, त्यामुळे दोष मातीला, पाण्याला किंवा नर्सरीवाल्याला दिला जातो. बहुतेक वेळा कारण पिशवीतच असतं. त्यात जे होतं ते अजून कंपोस्ट झालेलंच नव्हतं.

कंपोस्टबद्दल आपल्याकडे डबा कोणता, पावडर कोणती, थर कसे लावायचे यावर भरपूर बोललं जातं. ते पिकलंय की नाही हे कसं ओळखायचं आणि पिकल्यावर झाडाला किती, कधी द्यायचं, यावर फार कमी. हा लेख मुख्यतः त्याबद्दल आहे.

कुजताना नेमकं काय होतं?

भाजीचे देठ, फळांच्या साली, चहाचा चोथा, वाळकी पानं या सगळ्यात कर्ब आणि नत्र असतो. कर्ब म्हणजे कार्बन, नत्र म्हणजे नायट्रोजन. जिवाणू आणि बुरश्या हा पाला खातात. कर्बातून त्यांना ऊर्जा मिळते, नत्रातून त्यांची शरीरं बनतात. खाता खाता ते वाढतात, उष्णता आणि कार्बन डायऑक्साइड बाहेर टाकतात. सोपं अन्न संपलं की त्यांची संख्या ओसरते आणि मागे उरतो काळपट, भुसभुशीत, मातीच्या वासाचा पदार्थ. तेच कंपोस्ट. बादलीभर कचऱ्याचं तळाला साचेल एवढंच खत होतं, कारण बरंचसं पाणी वाफ होऊन जातं आणि बराचसा कर्ब हवेत.

या जीवांना श्वासासाठी हवा लागते. ढीग चिकट आणि गच्च झाला, त्यात पाणी साचलं, की हवेवर जगणारे जिवाणू मागे पडतात आणि हवेविना जगणारे पुढे येतात. सडक्या अंड्यासारखा वास येतो तो त्यांच्या कामाचा. कुजणं आणि सडणं यातला फरक एवढाच आहे: एक हवेत होतं, दुसरं हवेविना.

याचं शास्त्रशुद्ध तंत्र जगाला आपल्या शेजारूनच मिळालं. होळकरांच्या इंदुरात १९२४ ते १९३१ या काळात अल्बर्ट हॉवर्ड आणि यशवंत वाड या दोघा शास्त्रज्ञांनी शेतातला काडीकचरा, शेण, गोमूत्राची माती आणि राख यांचे थर रचून, ढीग ठरावीक अंतरानं वरखाली करून, सुमारे तीन महिन्यांत उत्तम खत तयार करण्याची पद्धत बसवली. आज ती जगभर ‘इंदूर पद्धत’ म्हणून शिकवली जाते. हॉवर्डांचं नाव सगळीकडे येतं, वाडांचं क्वचित. पुढे यवतमाळ जिल्ह्यातल्या पुसदच्या नारायण देवताओ पांढरीपांडे यांनी भोकं ठेवून बांधलेल्या विटांच्या टाक्याची पद्धत दिली. त्यांच्या नावातल्या अक्षरांवरून तिला ‘नाडेप’ म्हणतात. तिची खुबी अशी की शेण फार थोडं लागतं, एका मोठ्या टाक्याला ९० ते १०० किलो, आणि भोकांतून हवा आपोआप खेळते. तिलाही तीन ते चार महिने लागतात.

या दोन्ही पद्धती अनुभवी माणसांनी वर्षानुवर्षं तपासून ठरवल्या आणि दोघींनाही तीन महिने लागतात, हे पुढे लक्षात ठेवण्यासारखं आहे.

वाळका पाला कशाला हवा?

कचऱ्यात नत्राच्या मानानं कर्ब किती पट आहे, त्याला ‘कर्ब-नत्र गुणोत्तर’ म्हणतात. लेखात एवढा एकच तांत्रिक शब्द सांभाळायचा आहे. सुरुवातीला नत्राच्या २५ ते ३० पट कर्ब असला की जिवाणूंचं काम सर्वात सुरळीत चालतं. स्वयंपाकघरातला ओला कचरा नत्रानं श्रीमंत असतो, त्यात कर्ब साधारण १५ ते २० पट. वाळक्या पानांत ४० ते ८० पट. लाकडाच्या भुशात काहीशे पट.

म्हणून नुसता ओला कचरा डब्यात टाकत गेलं की नत्र जास्त होतो, तो अमोनिया होऊन उडतो आणि डोळ्यांना झोंबणारा वास येतो. उलट नुसता वाळका पाला रचला तर तो वर्षभर तसाच पडून राहतो. दोन्ही एकत्र केले की गणित जुळतं. घरगुती डब्यासाठी सोपं माप असं: ओल्या कचऱ्याची एक वाटी, तर चुरलेल्या वाळक्या पानांच्या एक ते दोन वाट्या. पानं हवेसाठी पोकळी ठेवतात आणि जास्तीचं पाणीही शोषतात, हे आणखी दोन फायदे.

पाला नसेल तर कोकोपीट, भाताचं तूस, फाडलेला पुठ्ठा, सुताराकडचा भुसा चालतो. भुसा अगदी कमी घालावा, त्यात कर्ब फार जास्त असतो. पण वाळक्या पानांची तोड नाही, आणि ती फुकट असतात. फेब्रुवारी-मार्चमध्ये रस्त्यावर पानगळीचा सडा पडतो तेव्हा दोन-चार गोण्या भरून ठेवल्या तर पावसाळा पार पडतो. पुण्यात पानं देणारे आणि पानं हवी असणारे यांची गाठ घालून देणारी ‘ब्राउन लीफ’ नावाची नागरिकांची चळवळ आहे. जिथं तशी सोय नाही तिथं झाडलोट करणाऱ्या मावशींशी बोलावं. पानं जाळण्यापेक्षा कुणी नेली तर त्यांनाही बरंच वाटतं.

ऊस उत्पादक शेतकऱ्याला हे गणित चांगलं माहीत असतं. उसाचं पाचट, म्हणजे वाळका पाला, लवकर कुजत नाही कारण त्यात नत्र फार कमी. म्हणून शेतात पाचट ठेवताना दर टनामागे ८ किलो युरिया, १० किलो सिंगल सुपर फॉस्फेट आणि १ किलो कुजवणारे जिवाणू टाकण्याची शिफारस केली जाते. तो युरिया मुख्यतः जिवाणूंसाठी असतो.

मग झाड पिवळं का पडतं?

आता मूळ प्रश्न. जिवाणूंनाही नत्र लागतो आणि झाडाच्या मुळांनाही. पंगतीत पहिल्यांदा कोण बसतं यावर सगळं अवलंबून आहे, आणि मातीत पहिली पंगत कायम जिवाणूंची असते. ते संख्येनं प्रचंड असतात, मुळांपेक्षा कितीतरी वेगानं अन्न उचलतात.

कच्चं, अर्धवट कुजलेलं खत कुंडीत घातलं की त्यातला उरलेला पाला खायला जिवाणूंची झुंबड उडते. पाल्यात कर्ब भरपूर, नत्र अपुरा. मग कमी पडणारा नत्र ते आजूबाजूच्या मातीतून ओढतात. मुळांच्या वाट्याला दुसऱ्या पंगतीत काहीच उरत नाही. झाड मग आपल्याच जुन्या पानांतला नत्र काढून कोवळ्या शेंड्याकडे पाठवतं, म्हणून खालची पानं आधी पिवळी होतात. तुम्ही खत म्हणून जे घातलं त्यानं काही आठवडे झाडाची उपासमार होते.

ही उपासमार कायमची नसते. पाला संपला की जिवाणू मरतात, त्यांच्या शरीरातला नत्र मातीत मोकळा होतो आणि झाडाला मिळतो. जमिनीतल्या मोठ्या झाडाला हा काळ जाणवतही नाही. १० इंची कुंडीतलं रोप मात्र तेवढ्यात खचू शकतं. त्याला मुळं पसरायला दुसरी जागा नसते.

कच्च्या खताचे आणखी तीन त्रास आहेत. ते कुंडीतच पुढे कुजत राहतं, त्यामुळे मुळांजवळचा प्राणवायू कमी होतो. त्यात तयार होणारी सेंद्रिय आम्लं आणि अमोनिया कोवळ्या मुळांना आणि अंकुरांना भाजतात. आणि ओलसर कच्च्या पाल्यावर चिलटं अंडी घालतात. शेतकरी अर्धवट कुजलेलं शेणखत टाळतात त्यामागे असाच अनुभव आहे, त्यातून मुळं खाणाऱ्या हुमणीच्या अळ्या शेतात येतात.

२४ तासांत खत करणारी यंत्रं

सोसायट्यांत सर्वात जास्त पैसा इथं जातो, म्हणून थोडं सविस्तर.

बाजारात अशी विजेची यंत्रं आहेत ज्यात सकाळी ओला कचरा टाकला की दुसऱ्या दिवशी कोरडी, तपकिरी, सुटसुटीत भुकटी मिळते. दिसायला ती खतासारखीच दिसते आणि वासही फारसा येत नाही. पण एका दिवसात जिवाणूंचं काम पुरं होत नाही. यंत्रानं कचरा तापवून वाळवलेला आणि दळलेला असतो. वास नसतो तो पाणी नसल्यामुळे. ही भुकटी कुंडीत घालून पाणी दिलं की जिवाणू जागे होतात आणि कुजण्याचं सगळं काम तिथं, मुळांच्या शेजारी सुरू होतं. पांढरी बुरशी, आंबूस वास आणि पिवळी पानं ही त्याचीच लक्षणं.

यंत्र निरुपयोगी आहे असं माझं म्हणणं नाही. कचऱ्याचं आकारमान आणि वजन ते झटक्यात कमी करतं, जागा नसलेल्या इमारतीला याची गरज असू शकते. पण त्यातून निघालेला माल हा कंपोस्टचा कच्चा माल समजावा. तो वाळक्या पानांत मिसळून, ओलसर करून, हवा लागेल अशा पिंजऱ्यात किंवा गोणीत दीड-दोन महिने मुरू द्यावा, मधूनमधून वरखाली करावा. यंत्र विकणाऱ्यांनी हे गिऱ्हाइकाला स्पष्ट सांगायला हवं आणि सोसायटीनं यंत्राच्या किमतीबरोबरच माल मुरवायच्या जागेचाही विचार करायला हवा. बहुतेक ठिकाणी ही जागा आराखड्यातच नसते.

पिकलं की नाही, कसं ओळखायचं?

पहिली परीक्षा डोळ्यांची आणि नाकाची. मूळ वस्तू ओळखू येता कामा नये. अंड्याची टरफलं, आंब्याची कोय, नारळाची शेंडी यांना सूट, ती वर्षभर तशीच राहतात. चाळून पुन्हा डब्यात टाकावीत. वास पहिल्या पावसात जमिनीला येतो तसा असावा.

दुसरी परीक्षा पिशवीची. मूठ-दोन मुठी ओलसर खत प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून तीन-चार दिवस सावलीत ठेवा. उघडल्यावर आंबूस किंवा कुबट वास आला तर जिवाणूंचं जेवण अजून चालू आहे. वास मातीचाच राहिला तर खत स्थिरावलं.

तिसरी परीक्षा सर्वात खात्रीची, आणि तिचं साहित्य आपल्या घरात असतं: अळीव. बाळंतिणीच्या लाडवांतले हेच अळीव जगभरच्या प्रयोगशाळांत कंपोस्टची परिपक्वता तपासायला वापरतात, कारण ते दोन दिवसांत रुजतात आणि विषारी द्रव्यांना फार संवेदनशील असतात. एका ताटलीत चाळलेलं ओलं कंपोस्ट आणि दुसरीत साधी ओली माती घ्या. दोन्हींवर प्रत्येकी वीस-पंचवीस दाणे पेरा. चार-पाच दिवसांनी दोन्हीकडची रोपं सारखीच उगवली आणि मुळं पांढरी, लांब असली तर खत तयार आहे. कंपोस्टमधली कमी उगवली किंवा मुळांची टोकं तपकिरी पडली तर डबा आणखी महिनाभर झाकून ठेवा. अळीव नसतील तर मेथी चालते.

खतातून टोमॅटो, मिरची, पपई, भोपळ्याची रोपं आपसूक उगवतात तेव्हा काहींना खत कच्चं असल्याची शंका येते. त्याचा कच्चेपणाशी संबंध नाही. मोठ्या ढिगात ५५ ते ६५ अंशांपर्यंत उष्णता चढते आणि तीत बिया, रोगजंतू मरतात. घरगुती डब्यात वस्तुमान कमी, उष्णता निघून जाते, म्हणून बिया जिवंत राहतात. याच कारणानं रोग पडलेल्या झाडांची पानं आणि कुत्र्या-मांजरांची विष्ठा घरच्या डब्यात कधीही टाकू नये.

कुंडीत किती घालायचं?

नवी कुंडी भरताना कंपोस्टचा वाटा एकूण मिश्रणाच्या चौथ्या हिश्शाइतका पुरतो. वांगी, टोमॅटो, मिरची, दुधी यांसारख्या खादाड भाज्यांना तिसरा हिस्सा चालेल. निव्वळ कंपोस्टमध्ये झाड लावू नये. ते पाणी धरून ठेवतं, काही महिन्यांत खाली बसतं आणि त्यातले क्षार कुंडीत साठतात. बियांच्या ट्रेसाठी बारीक चाळून पाचवा हिस्सा घ्यावा, बीज स्वतःचं अन्न घेऊनच आलेलं असतं. कोरफड, अडेनियम, निवडुंग यांना दहावा हिस्सा पुरे, नाहीतर बुंधा कुजतो. ऑर्किडला कंपोस्ट नकोच, त्याची मुळं हवेतली.

लावलेल्या झाडाला खत वरून द्यायचं. कुंडीतली वरची इंचभर माती खुरप्यानं हलकेच मोकळी करा, १२ इंची कुंडीला दोन मुठी खत कडेकडेनं पसरा, बुंध्यापासून तीन बोटं लांब ठेवा आणि त्यावर वाळक्या पानांचं आच्छादन घाला. आच्छादन नसेल तर उन्हाळ्यात खताचा वरचा थर एका दिवसात वाळतो, पापुद्रा धरतो आणि त्यातले जिवाणू निपचित पडतात. मग खत असूनही नसल्यासारखं. खत दिल्यावर पाणी द्यायचंच. भाजीपाल्याला दर महिन्याला, फुलझाडांना दीड-दोन महिन्यांनी, शोभेच्या झाडांना वर्षातून दोन-तीनदा एवढं पुरतं.

वेळ झाडाच्या स्वभावाप्रमाणे धरावी. मोगऱ्याला थंडीत विश्रांती देऊन जानेवारीच्या सुमाराला छाटतात, खत तेव्हा द्यावं म्हणजे चैत्रात बहर मिळतो. गुलाबाची छाटणी पाऊस सरल्यावर ऑक्टोबरात, त्याच्याबरोबर खत. जास्वंद बारा महिने फुलते, तिला थोडं थोडं सतत लागतं. तुळशीला फार दिलं तर ती नुसती पानांनी माजते, मूठभर पुरे. आजारी, मलूल, नुकत्याच कुंडी बदललेल्या झाडाला खत देण्याचा मोह टाळावा. आधी त्याची मुळं सावरू द्यावीत.

कुंडीच्या कडेला किंवा मातीवर पांढरा थर दिसायला लागला तर ते क्षार आहेत. बोअरचं पाणी आणि शिजलेल्या अन्नातलं मीठ ही दोन मोठी कारणं. अशा वेळी खत थांबवून, तळाच्या भोकातून भरपूर वाहीपर्यंत एकदा चांगलं पाणी सोडावं.

यात झाडाचं सगळं पोषण होतं का?

प्रामाणिक उत्तर: कुंडीतल्या भाज्यांचं पूर्णपणे होत नाही. सरकारच्या १९८५ च्या खत नियंत्रण आदेशानुसार शहरी कंपोस्टमध्ये किमान ०.८ टक्के नत्र, ०.४ टक्के स्फुरद (फॉस्फरस) आणि ०.४ टक्के पालाश (पोटॅश) असायला हवा. म्हणजे १०० किलो कंपोस्टमध्ये नत्र ८०० ग्रॅम. युरियात तो ४६ टक्के असतो. शिवाय कंपोस्टमधल्या नत्राचा थोडाच भाग पहिल्या वर्षी झाडाला मिळतो, बाकीचा हळूहळू सुटतो.

आकड्यांची ही तुलना नेहमी कंपोस्टच्या विरोधात वापरली जाते आणि मला ती अर्धवट वाटते. युरिया एकच काम करतो. कंपोस्ट मातीची घडण बदलतं. आपल्या काळ्या मातीत चिकणमातीचे कण एकमेकांना घट्ट बिलगलेले असतात. पावसात ती चिखल होते, उन्हात भेगाळते. कंपोस्टमुळे या कणांचे छोटे छोटे गोळे बनतात, त्यांच्यामधून हवा आणि पाणी खेळतं. कोकण-गोव्याच्या जांभ्या मातीचा प्रश्न उलटा आहे. तिच्यात पाणी आणि अन्नद्रव्यं टिकतच नाहीत, मुसळधार पावसाबरोबर निघून जातात. तिथं कंपोस्ट ती धरून ठेवतं. कोकोपीटमध्ये स्वतःचं अन्न जवळजवळ नसतं, त्याला तर कंपोस्टशिवाय गत्यंतर नाही. याशिवाय जस्त, लोह, बोरॉन अशी सूक्ष्म अन्नद्रव्यं थोड्या प्रमाणात कंपोस्टमधून मिळत राहतात.

तरीही फळभाजी भरघोस हवी असेल तर कंपोस्टच्या जोडीला काही द्यावं लागतं. नत्रासाठी निंबोळी किंवा शेंगदाण्याची पेंड, स्फुरदासाठी हाडांची पूड. पालाशासाठी लाकडाची राख चालते, पण काळ्या मातीत जपून, ती आधीच अल्कधर्मी असते. शेतकरी जमिनीला कंपोस्ट आणि पिकाला माती परीक्षणानुसार रासायनिक खत अशी जोड देतात त्यात काहीही गैर नाही. सेंद्रिय कर्ब चांगला असलेल्या जमिनीत रासायनिक खतही कमी वाया जातं.

गांडूळखत वेगळं आहे का? थोडं. गांडुळांच्या पोटातून गेल्यानं ते बारीक आणि एकसारखं होतं, आणि त्याच आदेशात त्याच्यासाठी नत्राची किमान मर्यादा १ टक्का आहे. पण गांडुळांना उष्णता, आम्ल आणि मीठ सोसत नाही. त्यांना आधी अर्धवट कुजवलेलाच पाला द्यावा लागतो. नवशिक्यानं साध्या कंपोस्टपासून सुरुवात करावी.

वास, अळ्या, उंदीर

या तीन भीतींपायी कितीतरी चांगले उपक्रम महिन्याभरात बंद पडतात, आणि तिघींचा उपाय बऱ्याच अंशी एकच आहे: रोज ओल्या कचऱ्यावर वाळक्या पानांचा जाड थर. त्यानं वास अडतो, माशीला अंडी घालायला ओली जागा दिसत नाही.

सडका वास आला तर हवा कमी पडलीय. ढीग उपसून मोकळा करा, पानं घाला. मूठभर माल घट्ट दाबला की एखाद-दुसरा थेंब निघावा. धार लागली तर जास्त ओला, हाताला ओल लागलीच नाही तर कोरडा.

डब्यात करड्या-तपकिरी, चपट्या, जाडसर अळ्या वळवळताना दिसल्या तर घाबरू नका. त्या बहुधा काळ्या सोल्जर माशीच्या असतात. कचरा झपाट्यानं खातात, आणि त्यांची प्रौढ माशी चावत नाही, अन्नावर बसायलाही येत नाही. किळस वाटणं स्वाभाविक आहे, पण फवारा मारून सगळा डबा मारू नका. बारीक पांढऱ्या अळ्या घरमाशीच्या असू शकतात. तेव्हा माल वरखाली करून पानांनी झाका.

उंदीर शिजलेल्या आणि तेलकट अन्नाच्या वासानं येतात. उरलेला भात-पोळी थोड्या प्रमाणात चालते, मध्यभागी पुरून. रस्सा, तळण, मांस-मासळी छोट्या डब्यात नको. लिंबू-संत्र्याच्या साली थोड्या असतील तर बिनधास्त टाका, बारीक चिरून. त्यातलं तेल जिवाणूंना मंदावतं खरं, थांबवत नाही.

कल्चर, म्हणजे कुजवणाऱ्या जिवाणूंचं विरजण, विकतच घ्यायला हवं का? पहिल्या वेळी मूठभर जुनं कंपोस्ट, थोडं शेण किंवा आंबट ताक पुरतं. दुसऱ्या वेळेपासून आपल्याच डब्यातलं थोडं खत मागे ठेवावं.

पावसाळ्यात डब्यावर छप्पर हवं. उघड्यावर ठेवलेल्या तयार खतातला विरघळणारा नत्र आणि पालाश जोरदार सरींत धुऊन जातो. कुंड्यांनाही आषाढ-श्रावणात खत देण्यात फारसा अर्थ नाही, पाऊस ओसरल्यावर द्यावं.

एवढं खत जाणार कुठं?

साधा हिशेब करू. २०० घरांची सोसायटी, प्रत्येक घराचा दिवसाला अर्धा किलो ओला कचरा धरला तर रोज १०० किलो. त्याचं ढोबळमानानं २० ते २५ किलो कंपोस्ट होतं. वर्षाला सात ते नऊ टन. सोसायटीच्या बागेला आणि सगळ्या बाल्कन्यांना मिळून यातलं थोडंच लागतं. उरलेलं गोण्यांत साठतं आणि शेवटी कधीतरी रात्री कचऱ्याच्या गाडीत चढतं. इतक्या कष्टानं वेगळा केलेला कचरा पुन्हा तिथंच.

तिथं म्हणजे कुठं, हे मुंबईकरांना देवनार आठवलं की कळतं. १९२७ पासून कचरा घेणाऱ्या त्या डेपोला जानेवारी २०१६ मध्ये आग लागली आणि पूर्व उपनगरं धुरात बुडाली. पुण्यासाठी हेच ओझं उरुळी देवाची आणि फुरसुंगीच्या गावकऱ्यांनी वर्षानुवर्षं सोसलं. अशा डेपोंवर साचलेल्या कचऱ्याच्या डोंगराच्या पोटात हवेविना सडणाऱ्या ओल्या कचऱ्यातून मिथेन वायू निघतो. तो पेटतो, आणि शंभर वर्षांच्या हिशेबानं पृथ्वी तापवण्यात कार्बन डायऑक्साइडच्या पंचवीसपटींहून जास्त प्रभावी आहे. आपल्या घरातली केळ्याची साल यात थेट सामील असते.

शहराभोवतीच्या शेतांना सेंद्रिय कर्बाची गरज आहे आणि तिथं हे सगळं खत सहज जिरेल. पण शेतकरी घेताना दोन गोष्टी बघतो. पहिली, त्यात काच, टाचण्या, प्लास्टिकचे तुकडे, दुधाच्या पिशव्यांचे कोपरे आहेत का. ते एकदा शेतात गेले की कायमचे. दुसरी, खत पिकलेलं आहे का, कारण पेरणीच्या तोंडावर कच्चं खत घालून उगवण बिघडवणं त्याला परवडत नाही. यातली पहिली गोष्ट प्रत्येक घरातल्या डब्यापाशी ठरते. दुसरीसाठी सोसायटीला दोन हौद पुरत नाहीत. एक भरताना, एक कुजताना आणि एक नुसता मुरत पडलेला, असे किमान तीन लागतात. मुरणाऱ्या हौदावर भरल्याची तारीख खडूनं लिहून ठेवावी, आणि तीन महिने होऊन अळीव नीट उगवेपर्यंत त्यातलं खत कुणालाच, अगदी अध्यक्षांच्या गुलाबालाही, देऊ नये.